निर्वात हंडी आज मिळणार नाही

—तेच तर सांगतेय, हंडी शाळेचीच आहे, मी कुठे नाही म्हणतेय? शाळेचीच. पण शाळेने ती अडगळीत टाकली होती, खालचं रबर चिरलेलं, पंपाचा पट्टा तुटलेला, तुमच्या आधी ज्या बाई होत्या त्यांनी तिच्यात चक्क खडू भरून ठेवले होते — निर्वात हंडीत, हवा काढून घ्यायच्या काचेच्या हंडीत, खडू — मी रिटायर होताना मुख्याध्यापिकांना सांगून घरी आणली, रबर बदललं, ग्रीस लावलं, पंप उघडून साफ केला, तेव्हा कुठे ती पुन्हा हंडी झाली. आता प्रदर्शन आलं म्हणून शाळेला आठवण झाली. हरकत नाही, न्या. पण आज नाही. आज ती कामात आहे. उद्या सकाळी या, उद्यापासून मोकळीच आहे, मग प्रदर्शनात ठेवा नाहीतर पुन्हा खडू भरा. बसा ना, उभ्या का? त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इथे बसा. आणि जरा हळू बोला, आत हे आहेत. काचबिंदूने डोळे गेले आणि तेव्हापासून यांचे कान असे झालेत की शेजारच्यांकडे चमचा पडला तरी हे इथून सांगतात, चमचा पडला. रेडिओ लावून दिलाय. पण रेडिओच्या आडूनही ऐकतात.

काय बघताय अशा? फोन आहे तो. यांचा फोन. हो, हंडीतच आहे, हवा काढून घेतलीय मघाशी. खाली स्पंज ठेवलाय — का ठेवलाय, सांगा बघू. नाही येत? अहो, विज्ञान शिकवता ना तुम्ही? तबकडीवर नुसता ठेवला तर त्याची थरथर तबकडीतून टेबलात उतरेल, टेबलातून फरशीत, की झाला आवाज बाहेर. म्हणून स्पंज. वर्गात आपण घंटा दोऱ्याने टांगतो ती त्याचसाठी. राग मानू नका, पण तुम्ही कसं शिकवता ते माझ्या कानावर आलंय. शिकवणीच्या मुलीच सांगत होत्या — नव्या बाई म्हणाल्या, रेडिओचा आवाज हवेतून तरंगत येतो. हवेतून. मी म्हटलं, मग उपग्रहाशी बोलतात ते कुठल्या हवेतून, जरा विचारा बाईंना. विचारलं का त्यांनी? विचारलं असणार, तुमचे कान लाल झालेत. असू दे. तुमचं कायम व्हायचं राहिलंय ना अजून? मुख्याध्यापिका माझी विद्यार्थिनी आहे, माहीत आहे ना — पहिल्या बाकावर बसायची आणि दर वेळी रडायची. विज्ञानाच्या बाईंना कायम करण्याआधी ती मला एक फोन करते. नेहमी करते. तेव्हा बसा आणि शिकून जा, तुमच्याच फायद्याचं आहे.

आवाजाला मध्ये कुणीतरी लागतं. हवा लागते, पाणी लागतं, भिंत चालते — एकाने दुसऱ्याला ढकलायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तेव्हा तो इथून तिथे पोचतो. मधले काढून घ्या, आवाज जागच्या जागी मेला. फोनच्या लहरींचं तसं नाही. प्रकाशाचं नाही, उन्हाचं नाही, रेडिओच्या लहरींचं नाही, दवाखान्यात क्ष-किरण काढतात त्यांचंही नाही — ही सगळी एकच जात, नुसती कमीजास्त लांबीची. विजेचं क्षेत्र हललं की चुंबकाचं उठतं, चुंबकाचं हललं की पुन्हा विजेचं उठतं, हे त्याला उठवतं, ते ह्याला उठवतं, असं एकमेकांना उठवत दोघंच निघतात. दोघंच. तिसरं कुणी लागत नाही. मध्ये हवा नको, पाणी नको, उलट मध्ये काही नसलं की जास्तच सुसाट जातात. मोठमोठ्या शहाण्यांना हे पटेना. मध्ये काहीतरी असलंच पाहिजे म्हणून त्यांनी एक न दिसणारा, न हाताला लागणारा पदार्थ सगळ्या आकाशात भरून टाकला — मनातल्या मनात — आणि मग किती वर्षं तो शोधत बसले. सापडला नाही. नव्हताच. मला ना त्या पदार्थाची फार दया यायची शिकवताना. एवढं सगळं त्याच्यातून जातंय असं सगळे म्हणायचे, आणि शेवटी काय ठरलं? तुझी काही गरज नव्हती, तू नव्हतासच. मुली हसायच्या. मी पण हसायचे.

चहा ठेवू? नको तर नको. तसंही आता मला इथून उठता येणार नाही, त्याची वेळ झालीय. कुणाची म्हणजे? मुलाची. आमच्या मुलाची. लांब असतो नोकरीला, विमानाने एक पूर्ण दिवस लागतो, आणि रविवार सोडला तर त्याला सवड नाही. रविवारी सकाळी करतो. — हां, हे बघा. बघा, बघा. लागला दिवा. दिसतंय ना नाव? आणि कसा थरथरतोय बघा स्पंजावर. जवळ या, कान लावा काचेला. लावा हो, काच चावत नाही. काही येतं ऐकू? नाही ना? आवाज पूर्ण मोठा केलेला आहे बरं का, एरवी ह्या फोनने अख्खी चाळ गोळा होते. त्याने तिकडे बटण दाबलं, समुद्र ओलांडून, डोंगर ओलांडून, वरच्या त्या पोकळीतून लहर इथवर आली, काचेतून आत गेली, रिकाम्या हंडीतून फोनपर्यंत पोचली — कुठे अडली नाही. आणि फोनचा आवाज तिथून माझ्या कानापर्यंत येऊ शकत नाही. केवढंसं अंतर, वीतभर. ह्याला म्हणतात प्रयोग. तुम्ही प्रदर्शनात घंटाच ठेवणार असाल, जुनीच, ती ठेवा, पण खरं दाखवायचं असेल ना तर फोन ठेवा. एकाच वस्तूत दोन्ही दिसतं — काय येतं आणि काय येत नाही. थांबला. बघा, विझला. करेल पुन्हा. एकदा करून सोडणारा नाही तो, बापाचा आहे.

सायलेंटवर टाकला असता की — असंच ना? मनात आलं ना तुमच्या? सगळ्यांच्याच येईल. हा त्या अंध लोकांचा फोन आहे, बोलणारा. कुठलंही बटण दाबा, सांगतो. हे रोज सकाळी हातात घेतात, बटण दाबतात, तो म्हणतो, आवाज पूर्ण, की यांचं समाधान होतं आणि माझ्याकडे देतात. ठेव तिकडे, म्हणतात. कारण रेंज फक्त ह्या खोलीत आहे, ह्या खिडकीपाशी. यांच्या खोलीत येत नाही. रेडिओ चालतो ना — रेडिओच्या लहरी लांबलचक, वळसा घालून पोचतात, आणि ह्या आखूड, ह्यांना मध्ये लोखंड आलं की संपलं. आणि मध्ये लोखंडी कपाट आहे. ते मी सरकवलं. आधी रेंजच्या दोनेक कांड्या यायच्या तिथे, मग मी म्हटलं ओल येतेय भिंतीला, कपाट इकडे घेऊ या. आणि ह्या खोलीत हे बसत नाहीत, कारण इथे काचसामान आहे, हात लागला तर रक्त निघेल असं मीच सांगून ठेवलंय. बंद? बंद करून काय उपयोग, बाई? बंद केला तर त्याला तिकडे ऐकू येईल, फोन बंद आहे. मग त्याला वाटेल बिघडला, चार्जिंग नाही, काहीतरी झालं. नाही. त्याला तिकडे वाजताना ऐकू यायला पाहिजे. वाजतोय, वाजतोय, आणि बाबा उचलत नाहीत. आणि इकडे यांना वाटायला पाहिजे, आज पण केला नाही. दोन्ही एकदम व्हायला पाहिजे. आता तुम्हीच सांगा, ह्या हंडीशिवाय होईल का ते? म्हणून म्हटलं, आज देता येणार नाही.

आणि खरं सांगू का — बघायला आवडतं मला. लपवायचं काय त्यात. चहाचा कप घेऊन इथे बसते आणि तो वाजत असतो.

असं बघू नका माझ्याकडे. तुमचं लग्न झालंय? मुलगी आहे ना, ऐकलंय मी. लहान आहे, अजून तुमच्या पदराला धरून असेल. होईल मोठी. हे दोघं फोनवर बोलायचे ना, हे आणि तो — हे उचलायचे आणि म्हणायचे, बोला साहेब. मुलाला साहेब. लहानपणापासून. आणि मग तासभर. क्रिकेट काय, तिकडचा बर्फ काय, ऑफिसातल्या कुणाच्या नकला काय, हे हसून हसून खोकायला लागायचे, खोकला आला की मी पाणी आणून द्यायचे, तो पेला हात पुढे करून घ्यायचे आणि बोलणं चालूच, तोंड माझ्याकडे वळवायचं पण नाही — वळवून काय, दिसत नाही म्हणा, पण तरी. मी तिथेच. ह्याच खुर्चीत. आणि शेवटी, अगदी शेवटी, तिकडून विचारणार — आई बरी आहे ना? आणि हे सांगणार — आहे, बरी आहे. झालं. ठेवला. मला द्यायचा नाही. एकदाही कुणाच्या मनात आलं नाही की ही बाई समोर बसलीय, तिच्या हातात दोन मिनिटं द्यावा. त्याला मी वाढवलं, बाई. यांची फिरतीची नोकरी, हे महिन्यातून चार दिवस घरी. गणित मी शिकवलं, ताप मी काढले, परदेशी जाताना त्याची बॅग मी भरली. आणि बोलणं कुणाशी, तर यांच्याशी. ते दोघं एकमेकांना उठवत चाललेत आणि मी मधली मोकळी जागा. माझ्यातून जायचं, मला काही लागायचं नाही.

पहिल्यांदा ठरवून नव्हतं केलं. हंडी दुरुस्त केली आणि तपासायला काहीतरी वाजणारं पाहिजे होतं, शाळेची घंटा जळालेली, तर म्हटलं यांचा फोन ठेवू, माझ्या फोनवरून लावून बघू. पंप मारला, हवा काढली, आणि मी लावायच्या आधीच त्याचा आला. रविवार होता, मी विसरलेच होते. हवा आत सोडायचा कॉक उघडायला हात गेला माझा, शपथेवर सांगते. गेला आणि तिथेच राहिला. दिवा लागला होता, फोन थरथरत होता, आतून रेडिओ ऐकू येत होता, आणि कुणीही बाहेर आलं नाही. पहिल्यांदाच त्या फोनकडे फक्त मी बघत होते. मग विझला. दुपारी हे म्हणाले, आज साहेबांचा फोन नाही आला. मी म्हटलं, नाही. एवढंच. आणि संध्याकाळी माझा फोन वाजला, बाई. माझा. आई, बाबा उचलत नाहीयेत, बरे आहेत ना? मी म्हटलं, आहेत बरे. मग तो बोलतच राहिला. काय जेवला ते सांगितलं, पाठ दुखते म्हणाला, कुठला मलम लावू विचारलं. मला विचारलं.

मग पुढच्या रविवारी काय करणार मी? तुम्ही काय केलं असतं? — हो, तुम्ही उचलला असता, तुम्ही फार चांगल्या आहात, दिसतंच आहे. मी त्याला सांगितलं, बाबा रागावलेत. कशावरून ते विचारलं, मी म्हटलं, ते सांगत नाहीत, तुझं नाव काढलं की उठून जातात. कारण दिलं असतं तर त्याने माफी मागून मिटवलं असतं. कारण नसलं की माणूस आपलं आपण शोधत बसतो, आणि शोधलं की सापडतंच प्रत्येकाला काहीतरी. त्यालाही सापडलं. रडला माझ्यापाशी. यांना सांगितलं, त्याला वेळ नसेल. हे म्हणाले, लावून दे मला. दिला की लावून — एक आकडा चुकवून. तिकडून ती बाई बोलते ना, हा नंबर अस्तित्वात नाही, ती ऐकवली यांना. हे म्हणाले, नंबर बदलला की काय, आपल्याला सांगितला पण नाही. मी म्हटलं, पोरं तशीच असतात हो. आता हे माझ्याशी बोलतात. पेपर वाचून दाखव म्हणतात, पलीकडे कोण राहायला आलं विचारतात, हात धरून बसायला सांगतात. तो पण बोलतो, हे पण बोलतात. सगळं माझ्यातून. आता मध्ये मी लागते.

एकदाच फसगत झाली. ग्रीस वाळलं होतं, हवा हळूहळू आत शिरली, आणि आवाज बारीकसा यायला लागला. हे भिंत चाचपत दारापर्यंत आले — वाजतोय का ग? मी म्हटलं, काय वाजतंय? फोन. मी म्हटलं, तुमच्या कानात वाजतंय हो, वय झालं की तसं होतं, डॉक्टरांना विचारू. नेलं डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, होतं असं ह्या वयात. आता यांनाच खात्री नाही. मध्येच म्हणतात, मला आत्ता वाजल्यासारखं वाटलं, आणि स्वतःच हसतात, म्हणतात, कान गेले माझे. यांचे कान. शेजारचा चमचा सांगतात, आणि स्वतःच्या फोनवर विश्वास नाही. हसू येतं मला कधी कधी. तेव्हापासून मात्र दर शनिवारी नवीन ग्रीस, आणि हा कॉक नीट बघायचा. हा पितळी. आडवा आहे तोवर बंद, उभा केला की हवा आत. तुम्ही पण लक्षात ठेवा, उद्या तुमच्याकडे येणार ही. मुलींना हात लावू देऊ नका कॉकला. एकदम उघडला तर सूं करून हवा घुसते आणि आतली वस्तू आडवी पडते.

उद्या का? अहो, उद्यापासून लागणारच नाही मला. मघापासून तेच सांगतेय आणि तुम्ही विचारत नाही, म्हटलं कधी विचारताय. आज शेवटचं आहे. काल मुद्दाम सवड काढून त्याने फोन केला होता मला, म्हणाला, आई, मी किती दिवस करू? उद्या शेवटचं करतो. उचलला तर उचलला. नाही उचलला तर समजेन की त्यांना मी नको आहे, आणि पुन्हा नाही करणार, येणार पण नाही, उगीच त्यांना त्रास. त्यांना एवढं सांग तू, म्हणाला. मी म्हटलं, सांगते. — नाही, सांगितलं कुठे. काय सांगू? हे सकाळी बटण दाबून बघत होते, आवाज पूर्ण, आणि म्हणाले, आज येईल ग, आज मला वाटतंय. मी म्हटलं, येईल की. डॉक्टर म्हणालेत यांचं हृदय पण आता फार भरवशाचं नाही, थंडी निघाली तर निघाली. म्हणजे तशी माझीच घाई झाली म्हणा. पण झालं एकदाचं. आता हा एकच राहिलाय.

हा बघा. आला. हाच तो. शेवटचा म्हणून की काय, किती वेळ वाजतोय बघा. एरवी एव्हाना थांबतो. — कुठे निघालात? उठू नका, टेबल हलेल. बसा. बाई, तो हात काढा. मी काय सांगितलं मुलींबद्दल? हात लावायचा नाही. तुम्हाला कायम व्हायचंय ना? घरी लहान मुलगी आहे, नवऱ्याचं काही ठीक चाललेलं नाही, ते पण ऐकलंय मी. हात काढा म्हणते ना. नका — अहो, नका उभा करू तो, नका —

सरका. सरका बाजूला. किती मोठा आवाज आहे ह्याचा, कुठून आला एवढा — सोडा हंडी, मी उचलते, सोडा. द्या तो इकडे. द्या. लाल बटण कुठलं —

कापला.

हं. कापला मी. बसा आता. काही झालं नाही. बसा. — बघितलंत काय केलंत तुम्ही? आजवर तो नुसता वाजून वाजून थांबायचा. कुणी उचललं नाही एवढंच कळायचं त्याला. थोडी तरी आशा राहायची माणसाला, झोपले असतील, बाथरूममध्ये असतील. आज कुणीतरी हातात घेतला आणि कापला. आता त्याला पक्कं कळलं. हे मला सुचलंच नव्हतं, बाई. इतके दिवस हवा काढत बसले, ह्याच्यापेक्षा सोपं काही असेल हे डोक्यात पण आलं नाही. तुमच्यामुळे झालं. — शूऽऽ. रेडिओ बंद झाला. गप्प राहा. मूग गिळून बसा एकदम. उठलेत. येताहेत.

या, या, हळू. भिंतीला धरून या. काचा आहेत इथे, दारातच थांबा. — काय? फोन? नाही हो, कुठला फोन. शाळेतल्या बाई आल्यात, हंडी न्यायला, त्यांना दाखवत होते पंप कसा चालतो ते. — नाही. आजही नाही आला. — असं काय करता, पुन्हा कानात वाजलं असेल. डॉक्टर म्हणाले होते ना? — त्यांना? विचारा की, समोरच बसल्यात. — बाई, हे विचारताहेत, आत्ता फोन वाजला का. सांगा त्यांना. — विचारताहेत तुम्हाला, उत्तर द्या. लाजू नका, घरचेच आहेत. — अहो, हात असा पुढे करून काय उभे राहिलात, काय देऊ हातात? — बोला ना, बाई. मोठ्याने बोला, आतापर्यंत किती बोलत होतात. —

ऐकलंत? बाई पण नाहीच म्हणतात. दोघी खोटं बोलणार आहोत का तुमच्याशी? या, वळा असे. डावीकडे कपाट आहे, सांभाळा. बसा जाऊन, मी येते, आज पेपर वाचायचा राहिलाय आपला. हो, येतेच मी. रेडिओ लावा तुम्ही तोवर.

चांगलं बोललात हं. आवाज जरा बारीक आला, पण पोचला. उद्या बोलते मी मुख्याध्यापिकांशी, काळजी करू नका. डोळे पुसा, तो समोर रुमाल आहे. आणि उद्या कशाला पुन्हा चक्कर मारता, आताच घेऊन जा हंडी. मोकळी झाली. दोन्ही हातांनी धरा, खालून — अशी नाही, ग्रीस लागेल अंगाला — अशी. पंप मी संध्याकाळी पाठवून देते. प्रदर्शनात ठेवाल तेव्हा मागचे पडदे ओढून घ्या, अंधारात दिवा चांगला दिसतो. — थांबा. हा माझा वाजतोय. खिशातला. त्याचाच असणार, दुसरा कुणाचा ह्या वेळेला. चला, निघा तुम्ही, मी गॅलरीत जाते. दार हळू ओढून घ्या, हे कान देऊन बसलेले असतात. निघा.

हॅलो. बोला, साहेब.